अर्थिंगला पाणी

पुण्याचं काम घरी बसून करायची परवानगी मिळाली, तेव्हा मी मैत्रिणींना नीट सांगितलंसुद्धा नाही. वसतिगृहाची खोली सोडली आणि जळगावला आले. मेहरूण भागात आमचं भाड्याचं घर आहे, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक राहतात, आबा आणि अक्का. दोघं मूळचे जवळच्याच असोद्याचे. तिथली केळी आता त्यांचा मुलगा बघतो. त्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो.

माझं काम नकाशांचं आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी घरांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायचे. त्यासाठी लॅपटॉप पुरत नाही म्हणून मी इथल्याच एका दुकानातून मोठा कॉम्प्युटर जुळवून घेतला. दुपारी काम सुरू होतं. संध्याकाळी सात ते आठ ही वेळ मात्र हलत नाही, कारण तेव्हा तिकडची माणसं कामावर येतात आणि रोजची मीटिंग होते. त्या तासात मी कॉम्प्युटर बंद करू शकत नाही.

नेमका हाच तास आबांच्या रेडिओचा.

माझं टेबल त्यांच्या खोलीच्या बरोबर वर आहे. काचबिंदूमुळे आबांना आता फार थोडं दिसतं. दिवसभर ते ओट्यावर बसतात, आवाजावरून माणसं ओळखतात आणि सातच्या सुमाराला आत जाऊन रेडिओ लावतात. जळगावच्या स्टेशनवर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम असतो. तो संपला की ते असोद्याला भाऊंना फोन लावतात. कार्यक्रमात जे सांगितलं ते सगळं फोनवर पुन्हा सांगतात, वर आपलं मत घालतात. खिडकी उघडी असली की मला सगळं ऐकू येतं. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे माझं मराठी वाचन सावकाश चालतं. पण करपा म्हणजे केळीच्या पानावरचा रोग आणि चरका म्हणजे थंडीने केळीला बसणारा मार, हे शब्द मी पुस्तकात वाचलेले नाहीत. ते मला खालून ऐकू आले.

माणसांपेक्षा आवाजांकडे माझं लक्ष लवकर जातं. म्हणून दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मीटिंग चालू असताना एकदम जाणवलं, की खाली काहीच ऐकू येत नाहीये. रेडिओ नाही, फोनही नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. आईला विचारलं तर ती म्हणाली, सेल संपले असतील. मला ते पटलं नाही. आबा सेल संपू देणाऱ्यांतले नाहीत. पण खाली जाऊन विचारायचं म्हटल्यावर माझी पावलं जिन्यापर्यंत जाऊन परत येत होती.

मग एका दुपारी भाऊ मोटरसायकलवरून आले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आबा आत झोपले होते. अंगणात अक्कांच्या हातात केळीची फणी देत भाऊंनी हळू आवाजात विचारलं, "माय, आबा माह्यावर रागावले का?"

"नाही रे बावा."

"मग फोन काहून करत नाहीत?"

"रेडिओच लावत नाहीत, तं फोनवर काय सांगतीन? त्याच्यात नुसती घरघर येते. वरची पोरगी काम करी राह्यली ना, तिच्या मशीनची हाये ती. मी म्हटलं, विचारू का तिले? तं म्हणे, बोलू नको. लेकरू लाजाळू हाये, घाबरून पुण्याले निघून जाईन."

माझ्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला. भाऊ म्हणाले, की तशी त्यांना स्वतःला रेडिओची गरज नाही. हवामान, भाव, औषधं, सगळं मोबाईलवर येतं. पण संध्याकाळच्या फोनसाठी ते बांधावर बसून राहतात आणि फोन झाला की घरी जातात. आता कधी उठायचं तेच कळत नाही.

"हे त्याह्यले सांग," अक्का म्हणाल्या. "जेवता जेवता मधीच थांबतात. म्हणतात, आता वावराले माही काय गरज."

ते वाक्य ऐकल्यावर मी कपडे तसेच बादलीत ठेवून आत आले. घरघर माझी होती. आणि आबांचं शेत, जे त्यांना दिसत नव्हतं, जिथे त्यांना जाता येत नव्हतं, ते रोजच्या त्या एका फोनवर टिकून होतं. तो फोन माझ्यामुळे बंद पडला होता आणि मला त्रास होऊ नये म्हणून मला कुणी सांगतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. आबा ओट्यावर होते. माझ्या पावलांचा आवाज त्यांना फारसा माहीत नसावा, कारण त्यांनी आधी कोण ते विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "तू खाली आली? वर आग तं नाही ना लागली?"

अक्का आतून हसल्या. मी सरळ रेडिओ मागितला. कॉम्प्युटरमुळे आवाज येतो ते मला कळलंय, नेमका कुठून येतो ते बघायचंय, असं एका दमात बोलून टाकलं. आबांनी उशापासून रेडिओ आणायला लावला. कातडी कव्हरातला जुना सेट, मागचं झाकण रबरबँडने धरलेलं.

"जपून ने," ते म्हणाले. "अक्काले काही बोललं तं ती असोद्याले निघून जाते. हा बिचारा कुठी जात नाही."

"याले बोलतं कोण," अक्का म्हणाल्या. "हाच बोलतो दिवसभर."

वर आल्यावर मी आधी कॉम्प्युटर बंद ठेवून रेडिओ लावला. जळगावचं स्टेशन स्वच्छ लागलं. मग कॉम्प्युटर सुरू केला, तर निवेदिकेच्या आवाजावर कुणीतरी पिठाची गिरणी चालू केल्यासारखं झालं. मी रेडिओ हातात घेऊन खोलीभर फिरले. मॉनिटरजवळ बारीक शिट्टी होती. वायफायच्या डब्याच्या अडॅप्टरजवळ वेगळीच टकटक. कॉम्प्युटरच्या डब्याजवळ मोठी घरघर, ती मी धरूनच चालले होते. पण मला नवल वाटलं ते भिंतीचं. ज्या भिंतीतून वायरी खाली मीटरकडे जातात, तिथे रेडिओ टेकवला की घरघर डब्याजवळ होती तेवढीच मोठी. म्हणजे आवाज हवेतून खाली जात नव्हता. तो वायरींतून उतरत होता आणि आबांच्या खोलीतल्या भिंती तो त्यांच्या उशाशी सोडत होत्या.

मग मी वाचायला बसले. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जो डबा आत असतो, तो घरातल्या विजेचे एका सेकंदात हजारो तुकडे करतो आणि मग ती कॉम्प्युटरला लागेल तशी बनवतो. त्या तोडण्यातून रेडिओच्या लहरी निघतात. चांगल्या डब्यात त्या अडवायला गाळणी बसवलेली असते. शिवाय वायरींवर चापासारख्या बसणाऱ्या काळ्या कड्या मिळतात. त्या वायरीवरून पळणारी घाण थोडी अडवतात. एवढं मला समजलं. समजल्याचा आनंदही झाला, कारण कुणाशी न बोलता करता येण्यासारखं हे काम होतं.

कड्या मागवल्या. मॉनिटरच्या वायरीवर, कीबोर्डच्या वायरीवर, मुख्य केबलवर दोन्ही टोकांना बसवल्या. टेबलामागे वायरींचा जो गुंता होता तो सोडवला. वायफायचा अडॅप्टर बदलला. शिट्टी गेली, टकटक गेली. गिरणी मात्र चालूच.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा उचलून ज्या दुकानात घेतला होता तिथे नेला. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता रेडिओ कोण ऐकतं, मॅडम?"

"आबा ऐकतात," मी म्हणाले. जणू तो आबांना ओळखत होता.

त्याने डबा टेबलावर आडवा केला. वीजपुरवठ्याचा भाग उघडून दाखवला. आतल्या सर्किटच्या पाटीवर गाळणीच्या जागा छापलेल्या होत्या, पण त्या रिकाम्या. जिथे सुटे भाग बसायला हवे होते तिथे नुसत्या तारा जोडून वीज पुढे ढकललेली. त्याने गाळणी असलेला, हाताला जड लागणारा दुसरा भाग बसवून दिला.

त्या संध्याकाळी घरघर निम्मी झाली. आबांना रेडिओ परत केला. त्यांनी लावून पाहिला, मान हलवली आणि पुष्कळ फरक आहे म्हणाले. पण निवेदक औषधाचं नाव सांगायला लागला की नेमकं तेच नाव घरघरीत बुडायचं. आबा कानाला लावून ऐकायचा प्रयत्न करायचे, मग बंद करायचे. भाऊंना चुकीचं औषध सांगण्यापेक्षा फोनच नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबरच होतं.

आणि एक नवीन भानगड सुरू झाली. मी घरात अनवाणी असते. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. जुन्या भागाने असं कधी केलं नव्हतं. दुकानात फोन केला तर तो म्हणाला, भाग चांगला आहे, घराचं अर्थिंग बघून घ्या. मी पुन्हा वाचलं. गाळणी जी घाण अडवते ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत सोडते. जमीनच ती घेत नसेल तर गाळणी तरी काय करणार. ती डब्याच्या पत्र्यावर येते, वायरींत परत फिरते. माझ्या बोटांना जे जाणवत होतं आणि आबांना जे ऐकू येत होतं, त्याचं कारण एकच असावं.

यावेळी खाली जाताना मी जिन्यात थांबले नाही. आबा आणि अक्का दोघं वाल सोलत बसले होते. म्हणजे अक्का सोलत होत्या आणि आबा शेंगा चाचपून त्यांच्याकडे देत होते. मी विचारलं, घराचं अर्थिंग कुठे आहे?

आबांना पक्कं आठवत होतं. घर बांधलं तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात खोल खड्डा करून कोळसा आणि मीठ भरलं होतं आणि मधोमध लोखंडी नळी उभी केली होती. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती नळीला सोडते, म्हणून नळीत पाणी घालत जा, असं वायरमनने बजावलं होतं.

अक्कांचे हात थांबले. "ती नळी?" त्या म्हणाल्या. "तिले तं मी रोज पाणी घालत होते."

मग त्यांनी सांगितलं. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या त्या नळीत ओतायचा, हे इतकी वर्षं चाललं होतं, की त्याचं कारण त्यांच्या डोक्यातून निघूनच गेलं होतं. अंघोळ करून, पदर डोक्यावर घेऊन त्या नळीत पाणी घालायच्या. बघणाऱ्याला तो देवच वाटायचा. असोद्याच्या भाऊबंदांतली एक नवी सून एकदा राहायला आली होती. तिने तुळशीबरोबर नळीलाही हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. अक्कांनी तिला काही सांगितलं नाही. सासरी आल्या आल्या कुणाला कशाला खोटं पाडायचं, असं त्यांना वाटलं. पुढे ती सून येईल तेव्हा नेमाने नळीची पूजा करायची.

"मग पाणी बंद कधी केलं?" मी विचारलं.

"श्रावणात. कानबाईच्या आधी."

श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, घरी बसते तेव्हा भाऊबंद सगळे जमतात. नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक, रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने तलावावर विसर्जन. यंदा कानबाई मेहरूणच्या घरी बसणार होती आणि अंगणात काळा चिखल. चिखलाच्या पायांनी माणसं देवीपुढे येणार, हे अक्कांना सहन होईना. म्हणून घाईने अंगणभर फरशी बसवून घेतली. गवंड्याने विचारलं होतं, ही नळी मध्ये येते, काय करू? बायका फेर धरतील, एखादीचा पाय अडकेल, म्हणून अक्काच म्हणाल्या, काप आणि कर सपाट. त्याने नळी कापली, तोंडावर सिमेंट फिरवलं, वर फरशी. ओतायला तोंडच राहिलं नाही, मग पाणीही राहिलं नाही. मीही त्याच श्रावणात घरी आले होते. पावसाळाभर खालची माती ओली होती म्हणून सगळं ठीक चाललं. दिवाळीनंतर ती आतल्या आत वाळत गेली, तसा रेडिओतला आवाज वाढत गेला.

आबा शेंग पुढे करत म्हणाले, "म्हणजे पोरीच्या मशीनचं नाव झालं आणि केलं तू."

"मी एकटीनं नाही," अक्का म्हणाल्या. "फरशीचा रंग कोणी निवडला?"

"मले दिसतो का रंग?"

"म्हणूनच असा निवडला."

मला हसू आलं. त्या दोघांसमोर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले असेन.

वायरमन आला, त्याने आधी एक बल्ब घेतला. त्याची एक तार बोर्डाच्या चालू तारेला लावली आणि दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटला नाही, आतली बारीक तार नुसती लाल झाली. मग कोपऱ्यातल्या फरश्या काढल्या. नवीन फरशीवर छिन्नी बसताना अक्का तोंड फिरवून उभ्या होत्या. खाली नळी सापडली. तिच्याभोवतीची माती राखेसारखी होती आणि नळी आणि मातीच्या मध्ये बोट जाईल एवढी भेग. त्याने नळीवर नवा तुकडा चढवला, गंजलेला नट बदलून तार घट्ट केली, मीठ टाकलं आणि म्हणाला, आता पाणी ओता, आवडेल तेवढं.

मी बादल्या आणल्या, अक्कांनी ओतलं. नळीतून गटगट आवाज येत होता आणि पाणी वर यायचं नावच घेत नव्हतं. आबा खुर्ची टाकून बसले होते.

"पितं का?" त्यांनी विचारलं.

"पितं," अक्का म्हणाल्या.

"पिऊ दे. लय दिवसाचं तहानलं हाये."

पाणी मुरल्यावर वायरमनने पुन्हा बल्ब लावला. तो पूर्ण पेटला. मी वर जाऊन अनवाणी उभी राहिले आणि डब्यावर हात ठेवला. झिणझिण्या गेल्या होत्या.

सात वाजता माझी मीटिंग सुरू झाली. मी कॅमेरा बंद ठेवला आणि खिडकी उघडली. खालून निवेदकाचा आवाज आला, प्रत्येक शब्द सुटा. अगदी खोल कुठेतरी थोडी खरखर होती, तीही आबांनी घालवली. रेडिओच्या आत एरियलची कांडी असते, तिचं तोंड बदललं की आवाज कमीजास्त होतो, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून हळूहळू फिरवत राहिले आणि आडवा झाल्यावर थांबले. कार्यक्रम संपला आणि फोन लागला. मीटिंगमध्ये मला कुणीतरी काहीतरी विचारलं, ते त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"हां, मी बोलतो," आबा म्हणत होते. "करप्याचं सांगितलं आज. खालची पानं काप आणि वावराच्या बाहेर ने. बांधावर टाकशील, तुही सवय हाये."

पलीकडून भाऊ काय म्हणाले ते मला कळलं नाही. आबा मात्र खूप वेळ बोलले. कुठल्या बाजूची बाग आधी कापायची, पाण्याची पाळी कुणाची आहे, मागच्या खेपेला कोणत्या ओळीत रोग आधी दिसला होता. त्यातलं बरंचसं रेडिओवर सांगितलेलं नव्हतं.

नंतर थंडी वाढली. अंधार पडल्यावर रेडिओवर लांबची स्टेशनं लागतात, हे मला माहीत नव्हतं. आबांना माहीत होतं, पण घरघर सुरू झाल्यापासून ती ऐकू येत नव्हती. आता घर शांत झाल्यावर ती परत आली. एका संध्याकाळी त्यांना इंदूरचं स्टेशन सापडलं. हिंदीतल्या बातम्यांत तिकडच्या थंडीचं सांगत होते. आबांनी लगेच असोद्याला फोन लावला. इंदूरकडे पारा घसरला, बऱ्हाणपूरवरून थंडी आपल्याकडे येणार, उद्या रात्री बागेला पाणी दे आणि कडेने धूर कर, नाहीतर चरका बसेल. दुसऱ्या रात्री थंडी आली. भाऊंनी पाणी दिलं होतं, धूर केला होता. शेजारच्या काही बागांची पानं पिवळी पडली, यांची वाचली, असं त्यांनी येऊन सांगितलं. मोबाईलवरही थंडीचं आलं होतं, हेही सांगितलं. पण धूर कोणत्या बाजूने करायचा ते मोबाईलवर नव्हतं.

तेव्हापासून आबांचे रोज दोन कार्यक्रम असतात, आधी जळगाव आणि मग इंदूर. फोन त्यामुळे उशिरा लागतो. भाऊ बांधावर जास्त वेळ बसतात आणि त्यांची बायको त्यावरून कुरकुर करते, असं अक्का सांगतात. इंदूर नीट लागलं नाही तर आबा मला हाक मारतात. मग मीटिंग संपली की मी खाली जाते. रेडिओ थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून बघते, आणि तोपर्यंत भाऊंचाच फोन येतो, इंदूरवाला काय म्हणतो म्हणून.